शालिकरावांची भाकर

शाळा सुटली की शालिकराव इंगळे फाटकाशी आपल्या मुलीच्या हातातून डबा घ्यायचे, झाकण उघडायचे आणि डबा उन्हाच्या दिशेनं धरून, एक डोळा मिटून आत बघायचे. मग कडेवरून बोट फिरवायचे. मग वास घ्यायचे. स्टीलच्या डब्यातून ऊन आरपार येत नाही हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण सुरतेच्या भेस्तान भागात एका लूमच्या कारखान्यात ते अकरा वर्षं कापड तपासायचं काम करत होते, आणि हातात आलेली कुठलीही वस्तू उजेडासमोर धरल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच. मला वाटलं, हा माणूस जुनी भांडी विकत घेणारा असावा.

मी तेव्हा नुकतीच धुळ्याहून सुरतेला आले होते. पालिकेच्या मराठी शाळेत दुसरीचा वर्ग मिळाला होता, भेस्तानातच एक खोली भाड्यानं घेतली होती, आणि आपण मुलांना घडवायला आलो आहोत अशी माझी पक्की समजूत होती. ती समजूत पालकांनी पहिल्या पंधरवड्यातच उतरवली. त्यात सिंहाचा वाटा शालिकरावांचा.

दुसऱ्याच दिवशी ते वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहिले. उंच, वाळलेले, डोळे रातपाळीनं लाल झालेले, आणि शर्टाच्या खिशात पेनाऐवजी रंगीत खडू. कापडात जिथे खोट सापडेल तिथे खूण करायचा तो खडू. "मॅडम," ते म्हणाले, "प्राचीच्या अभ्यासाचं मी तुमाले काईच इचारनार नाई. ते तुमचं खातं. मले फक्त रोज एक सांगत जा, तिच्या पोटात काय गेलं."

मी म्हटलं, "शाळेत दुपारी गरम जेवण मिळतं, काळजी करू नका."

हे ऐकून त्यांचा चेहरा असा झाला, जसं काही मी शाळेत दुपारी मुलांना विहिरीत सोडतो असं म्हटलं होतं. "ते नाई," ते म्हणाले. "शायेतलं नाई. जे आपल्या डोयाखालून गेलं नाई, ते पोटात कायले टाकाचं?"

ही त्यांची लहर आहे असं समजून मी हसून सोडून दिलं. पण त्यामागचं कारण हळूहळू कळत गेलं. प्राचीची आई, रेखा, दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी घाईघाईत सांगितलं की बाहेरचं काहीतरी पोटात गेलं असेल. काय गेलं, कुठून गेलं, हे कुणालाच कळलं नाही. तेव्हापासून शालिकरावांनी उसाच्या रसापासून देवळातल्या प्रसादापर्यंत सगळ्यालाच संशयित ठरवलं होतं. त्यातून जूनमध्ये शाळेत आरोग्य तपासणी झाली आणि प्राचीच्या कार्डावर वजन लिहिलं गेलं: सोळा किलो. पुढे लाल शाईत 'कमी'.

ते कार्ड त्यांनी प्रामाणिकपणे अकोल्याकडे सासूबाईंना फोनवर वाचून दाखवलं. न दाखवलं तरी चाललं असतं, पण खोट सापडली की ती खडूनं दाखवायचीच, हा त्यांचा धर्म. सासूबाईंनी तिकडून एका वाक्यात निकाल दिला: दिवाळीपर्यंत पोरीचं वजन वाढलं नाही, तर मी स्वतः येऊन तिला गावी घेऊन जाईन. तुला पोर सांभाळता येत नाही.

"माह्याजोळ एकच हाय, मॅडम," शालिकराव मला म्हणाले. "ताका सेकंडमधी गेला तं दुसरा काढता येते. पोट्टी कुठून आणू?" ताका म्हणजे कापडाचा तागा, आणि त्यांच्या धंद्यात ताक्याचे दोनच प्रकार. निर्दोष तो 'फ्रेश', खोट निघाली की 'सेकंड'. जगातल्या सगळ्या गोष्टी ते या दोन ढिगांत टाकायचे. केळेवाल्याची केळी सेकंड. गावची तूरडाळ फ्रेश. मी, त्यांच्या मते, अजून तपासणीच्या टेबलावर होते.

मग त्यांनी मोहीम उघडली. प्राचीला शेजाऱ्यांकडे झोपवून, रात्रभर कारखान्यात उभं राहून सकाळी आठला घरी आले की झोपायच्या आधी ते स्वतः ज्वारीची भाकर थापायचे, एक भाजी करायचे आणि अकराला मुलीला डब्यासकट शाळेत सोडायचे. शाळेभोवती पाच दुकानं आणि तीन गाड्या होत्या. त्या सगळ्यांकडे ते प्राचीचा पासपोर्ट फोटो घेऊन गेले. कोपऱ्यावरच्या गुजराती दुकानदारानं फोटो पाहिला आणि मुलगी हरवली समजून तो एकदम गल्ल्यावरून उठलाच. "अरे रे! छोकरी क्यारे खोवाई?"

"खोवाई नाई भाई," शालिकराव म्हणाले, "खाती है! इसको पडीका मत देना."

पडीका म्हणजे वेफर, कुरकुरीत नळ्या वगैरे भरलेली पाच रुपयांची पुडी. पण तोवर दुकानदाराच्या बायकोनं आतून फोटो पाहून शेजारणीला हाक मारली होती, शेजारणीनं रिक्षावाल्याला थांबवलं होतं, आणि अर्ध्या तासात दोन जण मोटारसायकलवर बसून प्राचीला शोधायला निघालेही होते. त्यांना ती सापडली. वर्गात, तिसऱ्या ओळीत, सहाचा पाढा म्हणताना. तिला बघून त्या दोघांना इतका आनंद झाला की त्यांनी तिला तिथेच एक पडीका दिला.

तो पडीका शालिकरावांनी संध्याकाळी जप्त केला हे सांगायला नको.

खरी अडचण वेगळीच होती. शालिकराव जीव ओतून भाकर करायचे, पण ती भाकर फार जाड असायची. सकाळी साडेनऊला थापलेली भाकर दुपारी दोनला सात वर्षांच्या मुलीच्या दातांना दाद देत नसे. भाजी म्हणजे बहुतेक वेळा कोरडं बेसन किंवा मेथी. प्राची डबा उघडायची, भाकरीचा कोपरा तोडायची, तो घास गालात ठेवून वीस मिनिटं बसायची आणि समोरच्या रांगेतल्या ताटांकडे बघायची. ताटांत कधी खिचडी, कधी दाळढोकळी, म्हणजे आपली वरणफळं, आठवड्यातून एकदा गुळाची सुखडी. वाफ निघत असे. दोन तृतीयांश भाकर परत जायची, आणि फाटकाशी शालिकराव डबा उन्हात धरून बघायचे. तो भरलेला डबा पाहताना त्यांच्या तोंडाची जी अवस्था व्हायची, ती मला आजही आठवते. रागवायचे नाहीत. नुसतं झाकण लावायचे आणि मुलीचं दप्तर आपल्या खांद्यावर घ्यायचे.

एक दिवस दाळढोकळी होती. प्राची गालात घास धरून रडायला लागली. मी जवळ जाऊन विचारलं, तर म्हणाली, "टीचर, नाई संपलं तं आजी नेईन मले. पप्पा एकटे राह्यतीन."

मी रागीट बाई आहे. मुलांवर क्वचितच रागावते, पण परिस्थितीवर लगेच भडकते. मी तिचा डबा उचलला, म्हटलं, "जा, ताट घे, रांगेत बस." ती गेली आणि तिनं दाळढोकळी दोनदा घेतली. उरला प्रश्न डब्याचा. अन्न टाकायचं नाही हे माझ्या आईनं मला थोबाडीत मारून शिकवलेलं. माझ्या स्वतःच्या डब्यात त्या दिवशी ब्रेडचे दोन काप होते, कारण एकटीसाठी स्वयंपाक करायचा मला भयंकर कंटाळा. मी ती भाकर खाल्ली. सगळी खाल्ली. जबडा दुखला, पण पोट भरलं.

संध्याकाळी रिकामा डबा पाहून शालिकराव फाटकाशी जे हसले, ते पाहून मला सांगवेना. उद्या सांगू, असं ठरवलं. तो उद्या पाच महिने आलाच नाही.

तुम्ही म्हणाल, फसवणूक केलीत. केली. पण हे सोपं मुळीच नव्हतं, कारण शालिकराव काही भोळे नव्हते. कापड तपासणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की माहीत असते: माल बदलला जाऊ शकतो. मुलगी भाकर कुणाला देऊन टाकत असेल, अशी शंका त्यांना दुसऱ्याच आठवड्यात आली. म्हणून ते भाकर तव्यावर टाकण्यापूर्वी काडीनं तिच्यावर टिंबं द्यायला लागले. रोज वेगळी. कधी तीन, कधी सात, कधी दोन ओळींत चार-चार. आणि संध्याकाळी फाटकाशी पहिला प्रश्न: "आज किती?"

त्यामुळे रोज दुपारी दोनला माझ्या टेबलाशी गुप्त बैठक भरायची. प्राची डबा उघडायची, आम्ही दोघी वाकून टिंबं मोजायचो, ती दोनदा घोकायची आणि खिचडीच्या रांगेत पळायची. मग मी खायला बसायची. गणिताचा माझा वर्ग इतका कधीच रंगला नाही. प्राचीची बेरीज मात्र त्या वर्षी वर्गात सगळ्यांत चांगली होती, हे मी शिक्षिका म्हणून नमूद करते.

एकदा मात्र घात झाला. दसऱ्याच्या आसपासची गोष्ट. मला सकाळपासून भूक लागलेली, डब्यात आंबाडीची भाजी, आणि तोवर त्या भाकरीची मला इतकी सवय झाली होती की घंटेच्या आधीच माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. मी मोजायच्या आतच अर्धी भाकर पोटात घातली. प्राची हबकून बघत राहिली. उरलेल्या अर्ध्या भाकरीवर तीन टिंबं होती. "दुप्पट सांग," मी म्हटलं. "सहा."

संध्याकाळी मी मुद्दाम फाटकाजवळ रेंगाळले.

"आज किती?"

"सहा, पप्पा."

शालिकरावांनी डबा खाली घेतला. "पाच व्हते."

मी फाटकाची कडी उगाच उघडली, बंद केली. पण प्राचीनं जराही न गडबडता बापाकडे बघितलं. "पाच टिंबं आन एक जयलेलं, पप्पा. तुमी भाकर जायली."

शालिकराव ओशाळले. घरी जाताना ते वाटभर तवा जास्त तापल्याबद्दल मुलीची माफी मागत होते. मी शाळेच्या भिंतीला टेकून उभी राहिले. असा हजरजबाबीपणा दुसरीच्या कुठल्या पाठात आहे, हे मला अजून सापडलेलं नाही.

या सगळ्यात एकच गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. माझे ड्रेस घट्ट व्हायला लागले होते. मी आधी भेस्तानच्या पाण्याला दोष दिला, मग टेलरला. टेलरशी माझं मोठं भांडणही झालं. त्या बिचाऱ्यानं टेप काढून दाखवला, तर मी टेप आखडलाय म्हणाले.

दिवाळीची सुटी लागायला चार दिवस होते, तेव्हा सासूबाई आल्या. पार्वताबाई त्यांचं नाव. अकोल्याहून रात्रभर गाडीत बसून आल्या होत्या, तरी नऊवारीची घडी मोडलेली नव्हती. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, हातात पिशवी, आणि पिशवीत प्राचीचे कपडे भरायला म्हणून आणलेली दुसरी रिकामी पिशवी. ती त्यांनी आचार्यांच्या टेबलावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. आमच्याकडे मुख्याध्यापिकेला आचार्य म्हणतात. वजनाचा काटा त्यांच्याच खोलीत होता.

"बाई," पार्वताबाई मला म्हणाल्या, "माह्यासमोर काट्यावर चढवा पोरीले. घरच्या काट्यावर माहा इश्वास नाई." घरी काटा नव्हताच, पण तो मुद्दा नव्हता. शालिकराव दाराशी उभे होते. रातपाळी करून आलेला तो माणूस झोपला नव्हता, आणि त्यांच्या हातातला खडू मोडून दोन तुकडे झाले होते.

प्राची काट्यावर चढली. आचार्य मॅडमनी वाकून वाचलं. "एकोणीस."

शालिकरावांनी डोळे मिटले. मग उघडले आणि एकदम मोठ्यानं म्हणाले, "तीन किलो! आई, पाह्यलं? तीन किलो! माही भाकर हाय ते!"

मला हायसं वाटलं. मला वाटलं, संपलं. पण पार्वताबाईंनी आयुष्यभर सुना, जावई आणि व्यापारी पारखले होते. तीन किलो त्यांना पटले, भाकर पटली नाही. त्यांनी नातीच्या दप्तरातून त्या दिवशीचा डबा काढला, भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. त्या चावत राहिल्या.

"ही खाऊन?" अखेर त्या म्हणाल्या. "माह्या बत्तीसातले अकरा दात उरले, त्यातला एक आता हालून राह्यला. ही खाऊन पोर वाढली?" त्यांनी प्राचीची हनुवटी वर केली. "खरं सांग व माय. कोनं खाल्लं हे?"

प्राचीनं माझ्याकडे बघितलं.

त्या एका क्षणात मी बराच विचार केला, निदान मला तरी तसं वाटतं. गप्प बसले असते तर मुलगी आजीशी खोटं बोलली असती, तेही माझ्यासाठी. खरं सांगितलं तर शालिकराव उघडे पडणार होते. पाच महिने मुलीच्या पोटात काय जातं ते ज्याला कळलं नाही, त्याच्याकडे कुठली आजी नात ठेवील? आणि ती रिकामी पिशवी समोरच होती. पण सात वर्षांच्या मुलीच्या नजरेपुढे शिक्षिकेला फार हिशेब करता येत नाहीत.

"आजी," मी म्हणाले, "ती भाकर मी खाते. प्राची शाळेतलं जेवते."

शालिकराव माझ्याकडे वळले. "रोज?"

"रोज."

"आन टिंबं?"

"आम्ही दोघी मिळून मोजायचो."

ते खाली बसले. खुर्ची होती, पण ते पहिलीच्या मुलांच्या बुटक्या स्टुलावर बसले. हातातले खडूचे तुकडे त्यांनी एकमेकांना जोडून पाहिले. "म्हंजे पाच महिने म्या डबा तपासला," ते म्हणाले, "आन पोरगी तपासलीच नाई."

मला इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती. पार्वताबाईंनी पिशवी उचलली. "म्या म्हनत नव्हती? चाल व प्राची. घरी जाऊ, कपडे भरू." प्राची धावत जाऊन बापाच्या गळ्यात पडली. शालिकरावांनी तिला धरलंही नाही, सोडलंही नाही. त्यांना वाटत असावं की आपला आता हक्क राहिला नाही.

पार्वताबाई दाराकडे वळल्या आणि मधेच थांबल्या. त्यांची नजर माझ्यावर पडली होती. ती माझ्या चेहऱ्यावरून खाली उतरली, दंडावर थांबली, ड्रेसच्या ताणलेल्या शिवणीवर थांबली.

"बाई, तुमी कवा आल्या सुरतेले?"

"जूनमध्ये."

"आल्या तवा अशाच व्हत्या?"

मी उत्तर द्यायच्या आत आचार्य मॅडम, ज्यांना मी तोवर मैत्रीण समजत होते, म्हणाल्या, "नाही हो. तपासणीच्या दिवशी आम्ही सगळ्यांनीच वजन केलं होतं. एक्कावन्न होती ही."

"चढा काट्यावर," पार्वताबाई म्हणाल्या.

मी नाही म्हटलं. मी शिक्षिका आहे म्हटलं. पण त्या खोलीत माझ्या पदाला कुणी किंमत देत नव्हतं. मी चपला काढल्या, ओढणी काढली, हातातलं घड्याळही काढलं आणि चढले.

"अठ्ठावन्न," आचार्य मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजातला आनंद मी त्यांना अजून माफ केलेला नाही.

पार्वताबाईंनी पिशवी पुन्हा टेबलावर ठेवली आणि बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हंजे शायेच्या जेवनानं पोरगी वाढली तीन. आन याच्या भाकरीनं बाई वाढली सात." त्या जावयाकडे वळल्या. इतका वेळ बोलल्या त्याहून हळू आवाजात म्हणाल्या, "भाकर खराब नाई रे तुही. लेकराच्या दाताची नाई, एवढंच. ज्याच्या हातची भाकर खाऊन परकी बाई सात किलो वाढते, त्याच्या घरी माही नात उपाशी नाई मरनार. राहू दे तिले इथंच."

शालिकरावांनी तेव्हा कुठे मुलीला घट्ट धरलं. मी माझं घड्याळ शोधण्याच्या निमित्तानं टेबलाखाली वाकले, कारण मला रडू येत होतं आणि एका दिवसासाठी तेवढी शोभा पुरे झाली होती.

घंटा झाली. पार्वताबाई व्हरांड्यात मुलांच्या रांगेत जाऊन बसल्या आणि जावयालाही शेजारी बसवलं. दाळढोकळी होती. शालिकरावांनी चमच्यातला घास सवयीनं उजेडाकडे धरला, उलटसुलट पाहिला, मग तोंडात घातला. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो, वाढणाऱ्या बाईसुद्धा. त्यांनी घास गिळला. दुसरा घेतला. आणि ताट पुढे केलं. पार्वताबाईंनी मात्र तिसऱ्यांदा घेताना, ढोकळ्या जाड लाटल्यात असं वाढणाऱ्या बाईंना सांगितलंच.

सुटीत मी धुळ्याला गेले. सात किलोंबद्दल आईला काही सांगितलं नाही. तिला आपोआपच कळलं आणि ती खूश झाली. मनात एक बोच मात्र होती. शालिकरावांना मी पाच महिने फसवलं होतं, आणि त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नव्हतं. परत गेल्यावर ते माझ्याशी बोलतील की नाही, याची मला खरोखर धास्ती होती.

शाळा उघडली त्या दिवशी ते फाटकाशी उभे होते. प्राचीच्या खांद्यावर नुसतं दप्तर. डबा शालिकरावांच्या हातात.

"तिनं शायेतलंच खाल्लं तं चालते," ते म्हणाले. "म्या आता महिन्यातून दोनदा येत जाईन चाखाले. आचार्य मॅडमले इचारलं." मग डबा पुढे केला आणि तळव्यावर खडू चोळत उभे राहिले. "हे तुमच्यासाठी. नाई म्हनू नका. एक इचारू का, मॅडम? रागावू नका."

मी म्हटलं, "विचारा."

"पाच महिने तुमी खाल्ली. कशी लागत व्हती?"

पाच महिने या माणसानं रोज 'संपली का' आणि 'किती टिंबं' एवढंच विचारलं होतं. हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारलाच नव्हता. विचारणार कुणाला? घरात खाणारी एक मुलगी, तीही न खाणारी. स्वतः ते कारखान्यात उभ्या उभ्या दोन घास ढकलायचे. मी खरं तेच सांगितलं. पहिला महिनाभर जबडा दुखायचा, आणि दसऱ्यापर्यंत घंटा कधी होते याची वाट बघायला लागले, पण मीठ नेहमी थोडं कमी असायचं.

"कमी?" ते म्हणाले. "मीठ?" आणि एखाद्या ताक्यात मोठी खोट सापडल्यासारखे गंभीर होऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी डबा आला. त्या दिवशी पिठलं होतं आणि ते इतकं खारट होतं की मी दोन तांबे पाणी प्यायले. संध्याकाळी फाटकाशी ते थांबले होते. प्राचीचं दप्तर खांद्यावर घेतलेलं, डबा मागण्यासाठी हात पुढे. डबा उघडून मात्र बघितला नाही.

"कसं व्हतं?"

खोटं बोलायची मला पाच महिन्यांची सवय होती. तरीही म्हटलं, "खारट. अगदी खारट. तोंडात धरवेना."

शालिकराव हसायला लागले. आधी नुसतेच, मग मोठ्यानं, मग दप्तर खाली ठेवून, डोळे पुसत पुसत. प्राची त्यांच्याकडे बघून हसायला लागली, आणि काय झालं ते न कळता मीही.

"म्या घरी काई केलं तं इची माय रेखा बी असंच तोंडावर सांगे," ते म्हणाले. "दोन वर्सं झाले मॅडम, कोनंच सांगतलं नव्हतं."